ड्रायर व्हेंट सफाई: प्रीमियम पॅकेज बांधण्यापासून दर ठरवण्यापर्यंत

कपडे वाळवणाऱ्या ड्रायरच्या मागचा डक्ट, म्हणजे आतली हवा बाहेर नेणारा पाइप, भिंतीत शिरतो आणि कुठेतरी घराच्या दुसऱ्या बाजूला बाहेर निघतो. मधले वीस-पंचवीस फूट कुणालाच दिसत नाहीत. ब्रश फिरतो, व्हॅक्यूमचा आवाज होतो, पिशवीभर लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले तंतू, निघते आणि ग्राहक पैसे देऊन मोकळा होतो. आत किती उरले, हवा पुरेशी वाहते का, एखादा सांधा सुटला आहे का, यातले त्याला काहीच कळत नाही. या धंद्यातली प्रीमियम सेवा इथून सुरू होते. ग्राहकाला जे दिसत नाही ते मोजायचे, त्याचे फोटो काढायचे आणि लिहून त्याच्या हातात द्यायचे. हे ज्या पॅकेजात नाही त्याला कितीही भारदस्त नाव दिले तरी वाढीव दर टिकत नाही, कारण तेच काम दुसरा कुणीतरी स्वस्तात करून देतोच.

हा लेख अमेरिकेत एक किंवा दोन व्हॅन घेऊन हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. हिशेबातले डॉलरचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. पद्धत तीच ठेवा, आकडे आपल्या वहीतले घाला.

## आधी खर्च, मग पॅकेज

बहुतेक जण उलट करतात. आजूबाजूच्या तीन-चार जणांचे दर बघायचे, त्यांच्यापेक्षा दहा डॉलर कमी लावायचे आणि वर्षअखेरीला पैसे कुठे गेले ते शोधायचे. समोरच्याचा विमा आहे का, तो स्वतःला पगार धरतो का, हे आपल्याला माहीत नसते. त्याच्या दरावरून आपला दर काढणे म्हणजे त्याच्या चुकाही उसन्या घेणे.

एका व्हॅनचा वर्षाचा खर्च असा मांडू. तंत्रज्ञाचा पगार आणि त्यावरचे कर ५५,००० डॉलर, व्हॅन आणि इंधन ९,०००, विमा ४,०००, अवजारे आणि झिजणारे सामान ५,०००, फोन, सॉफ्टवेअर आणि हिशेबनीस ५,०००, जाहिरात १२,०००. एकूण ९०,०००. तंत्रज्ञ तुम्ही स्वतः असलात तरी ५५,००० ची ओळ खोडू नका. स्वतःची मजुरी शून्य धरून काढलेल्या दरात पुढे माणूस ठेवता येत नाही, आणि तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर धंदाच थांबतो.

आता हा खर्च दोन भागांत तोडायचा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. एक भाग दर फेरीला लागतो, मग काम छोटे असो वा मोठे. दुसरा भाग कामाच्या तासांप्रमाणे लागतो.

जाहिरात बाजूला काढली तर ७८,००० उरतात. रद्द झालेल्या भेटी, सामान भरणे, सुट्या हे सगळे वजा जाता वर्षाला गाडी चालवणे आणि प्रत्यक्ष काम मिळून १,५०० तास हाती लागतात असे धरू. म्हणजे एका तासाला ५२ डॉलर. एका फेरीत येणे-जाणे, वेळ ठरवणे आणि बिल करणे मिळून पाऊण तास जातो, त्याचे ३९ डॉलर. वर्षाला ६०० कामे धरली तर १२,००० च्या जाहिरातीचा वाटा प्रत्येक कामावर २० डॉलर. म्हणजे दारावरची घंटा वाजवण्याआधीच ५९, सोयीसाठी ६० डॉलर, खर्ची पडलेले असतात.

हा ६० चा आकडा व्हॅनमध्ये डोळ्यांसमोर राहील असा लिहून ठेवा. सव्वा तासाच्या साध्या कामालाही तो लागतो आणि पावणेतीन तासांच्या सविस्तर कामालाही तेवढाच लागतो. प्रीमियम पॅकेजातली कमाई याच फरकातून येते. तासाचा दर दुप्पट करायची गरजच पडत नाही.

नफ्याचे गणित करताना एक गफलत सर्रास होते. खर्च १२५ असेल आणि विक्रीदरात २० टक्के नफा हवा असेल, तर १२५ मध्ये २० टक्के मिळवून १५० करून चालत नाही. १२५ ला ०.८ ने भागायचे, म्हणजे १५६ येतात. एका कामात सहा डॉलर किरकोळ वाटतात, पण ६०० कामांत ते ३,६०० होतात.

## काय मोजायचे आणि कसे

प्रीमियम पॅकेजाचा कणा दोन उपकरणे आहेत: हवेचा वेग मोजणारा अ‍ॅनिमोमीटर आणि डक्टमधला दाब मोजणारा मॅनोमीटर. निवासी ड्रायरचा डक्ट सहसा चार इंच व्यासाचा असतो. त्याचे छेदक्षेत्र सुमारे ०.०८७ चौरस फूट भरते. हवेचा वेग मिनिटाला १,००० फूट आला तर प्रवाह मिनिटाला साधारण ८७ घनफूट, आणि १,५०० आला तर १३१ च्या आसपास. ग्राहकाला घनफुटांशी कर्तव्य नसते. त्याला आधी ८७ आणि नंतर १३१ हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दिले की पुरे.

मात्र दोन्ही वेळा परिस्थिती सारखी हवी. ड्रम रिकामा, लिंटची जाळी स्वच्छ, ड्रायर त्याच सेटिंगवर, वाचन त्याच जागी. बाहेरच्या झाकणापाशी हवा घुसळते, म्हणून एका वाचनावर विसंबू नका. तीन घ्या आणि सरासरी लिहा. मॅनोमीटरचे वाचन त्या मॉडेलच्या बसवणीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ताडून बघायचे. पुस्तिका फोनवर उघडून तो आकडा ग्राहकाला दाखवा. तुमच्या मतापेक्षा निर्मात्याच्या आकड्यावर त्याचा विश्वास लवकर बसतो, आणि तसाच बसायलाही हवा.

खरी किंमत कळते ती सफाईनंतरही आकडा वर येत नाही तेव्हा. डक्ट स्वच्छ आहे, पण तो मुळातच फार लांब आहे. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणीच्या नमुना नियमावलीत डक्टची सर्वसाधारण कमाल लांबी ३५ फूट आहे. नेहमीच्या ९० अंशांच्या प्रत्येक वळणाला त्यातून ५ फूट आणि ४५ अंशांच्या वळणाला अडीच फूट वजा होतात. डक्ट सरळ मोजून २६ फूट आणि त्यात काटकोनी वळणे तीन असतील, तर तो ४१ फुटांसारखा वागतो. निर्मात्याच्या सूचनेत वेगळी मर्यादा असू शकते, म्हणून तीही बघावी. असा डक्ट दर महिन्याला घासला तरी कपडे वेळेत वाळणार नाहीत. हे निदान लेखी देणे आणि मार्ग बदलणे किंवा ड्रायरसाठीच प्रमाणित असलेला बूस्टर पंखा बसवणे हे पर्याय समजावणे, यासाठी ग्राहक आनंदाने जास्त पैसे देतो. त्याने याआधी दोनदा सफाई करून घेतलेली असते आणि कारण कुणीच सांगितलेले नसते.

## तीन पॅकेजे

तीनच ठेवा. पाच ठेवली की फोनवर समजावताना तुमचाच गोंधळ होतो.

पहिले पॅकेज म्हणजे नीट केलेली सफाई. डक्ट दोन्ही टोकांनी ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करणे, बाहेरचे झाकण मोकळे करणे, ड्रायरमागची जमीन पुसणे, शेवटी ड्रायर चालवून बाहेर हवा येते का ते बघणे. वेळ सव्वा तास. खर्च ६५ अधिक ६०, म्हणजे १२५. दर १५९. हे पॅकेज मुद्दाम लंगडे करू नका. वरचे पॅकेज विकले जावे म्हणून खालच्यात अर्धाच डक्ट साफ करणारे लोक आहेत. ते ग्राहकाला धोक्यात ठेवून पैसे मिळवतात. सुरक्षिततेचा भाग तिन्ही पॅकेजांत सारखाच हवा. वर जाताना माहिती, दुरुस्ती आणि जबाबदारी वाढली पाहिजे.

दुसऱ्या पॅकेजात याशिवाय आधीचे आणि नंतरचे मोजमाप, डक्टच्या आतले कॅमेऱ्याचे फोटो, दोन पानी अहवाल आणि ड्रायर ते भिंत हा जोडडक्ट बदलून देणे. हा तुकडा लहान असला तरी त्रास बहुतेक तिथेच असतो. पांढऱ्या प्लॅस्टिकचा किंवा चेपलेल्या फॉइलचा जोड दिसला की तो काढायचा. त्या जागी यूएल २१५८ए या सुरक्षामानकाप्रमाणे प्रमाणित जोडडक्ट लावायचा, एकसंध, आठ फुटांपेक्षा लांब नाही, आणि भिंतीच्या आत कुठेही न नेता. डक्टच्या आत टोक येईल असे लांब स्क्रू वापरू नका, त्यांच्यावर लिंट अडकते. क्लॅम्प आणि धातूची फॉइल टेप वापरा. वेळ दोन तास, सामान २५. खर्च १०४ अधिक ६० अधिक २५, म्हणजे १८९. दर २३९.

तिसऱ्या पॅकेजात याशिवाय ड्रायरचे कवच उघडून आत साचलेले लिंट काढणे, बाहेरचे झाकण नवे लावणे, आणि वर्षभराची हमी. जाळीचे झाकण असेल तर ते जायलाच हवे. कोडप्रमाणे ड्रायरच्या डक्टच्या तोंडावर जाळी चालत नाही, कारण लिंट नेमके तिथेच धरते. त्याऐवजी आपोआप मिटणारी झडप असलेले झाकण लावा. वेळ पावणेतीन तास, म्हणजे १४३. फेरीचे ६०, सामानाचे ५५. हमीसाठी वेगळी तरतूद करा. वीस कामांत एकदा परत जावे लागले आणि त्या परतफेरीला ९१ डॉलर लागले, तर प्रत्येक कामावर साडेचार ते पाच डॉलर येतात. एकूण २६३. सूत्राने दर ३२९ येतो. माझ्या मते इथे ३४९ लावावेत. कवच उघडण्यातली जोखीम आणि त्यासाठी लागणारे कौशल्य ताशी खर्चात पुरेसे मोजले जात नाही.

आता तिन्ही पॅकेजांत हातात काय उरते ते बघा: ३४, ५० आणि ८६ डॉलर. फेरी एकच, नफा अडीचपट. आणि फोनवर कुणी पहिल्या पॅकेजात २० डॉलर सूट मागितली, तर तो तुमच्या ३४ पैकी २० मागतो आहे, हेही लक्षात ठेवा. सूट देण्यापेक्षा काम कमी-जास्त करण्याची सवय लावा: दर कमी हवा असेल तर सुरक्षिततेचा भाग सोडून कामातला कोणता भाग वगळायचा, हे मोकळेपणाने विचारा.

ड्रायर गॅसवरचा असेल तर तिसऱ्या पॅकेजाचा वेगळा विचार करा. गॅसची जोडणी काढण्या-लावण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे नियम राज्यागणिक आणि गावागणिक बदलतात. परवाना नसेल तर परवानाधारक माणसाला बरोबर घ्या आणि त्याचे पैसे दरात धरा. जोडणी झाल्यावर गळती तपासणे हे अहवालातले वेगळे कलम असावे. गॅस ड्रायरचा डक्ट तुंबला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, म्हणून या घरांत मोजमापाशिवाय निघू नये असे मला ठामपणे वाटते, पॅकेज कुठलेही असो.

## जादा पैसे कशाचे

मूळ दर कशासाठी आहे ते लिहून ठेवा: उदाहरणार्थ, वळणे धरून ३० फुटांपर्यंतचा डक्ट, झाकण एकमजली शिडीच्या टप्प्यात, ड्रायर सुटा. त्यापलीकडे छतावरून निघणारा डक्ट, एकावर एक बसवलेले वॉशर-ड्रायर, जास्तीची लांबी आणि घरटे यांचे जादा दर ठरलेले असू द्या. असा प्रत्येक दर वेळेवरून काढा. छतामुळे सरासरी पाऊण तास वाढत असेल तर खर्च ३९, दर ४९. ‘अवघड काम’ म्हणून जागेवर सुचेल तो आकडा सांगू नका. ग्राहकाला तो लगेच खटकतो.

घरट्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी कायद्याखाली बहुतेक देशी पक्ष्यांची अंडी किंवा पिल्ले असलेली घरटी परवानगीशिवाय हलवता येत नाहीत. घरचिमणी आणि युरोपीय मैना (स्टार्लिंग) या संघीय संरक्षणात येत नाहीत, पण पक्षी ओळखता आला पाहिजे आणि राज्याचे नियमही बघितले पाहिजेत. शंका असेल तर काम थांबवा, ड्रायर वापरू नका असे लिहून द्या, आणि पिल्ले उडाल्यानंतरची तारीख घ्या. या दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच दरपत्रकात असावेत, म्हणजे मोह होणार नाही.

## फोनवर आणि दारात

फोनवर आधी प्रश्न विचारा. कपडे ड्रायरच्या एका चक्रात वाळतात का? झाकण भिंतीत आहे की छतावर? ड्रायर गॅसचा की विजेचा? शेवटची सफाई कधी झाली? जोडडक्ट कसला दिसतो, त्याचा फोटो पाठवता येईल का? या उत्तरांवरून पॅकेज सुचवा आणि तिन्ही दर त्याच फोनवर सांगा. वरचे पॅकेज आधी सांगितले तरी चालेल, पण तिन्ही दर सांगितलेच पाहिजेत.

४९ डॉलरची जाहिरात करून घरात शिरल्यावर ३०० वर न्यायचे, हा प्रकार या धंद्यात बोकाळला आहे. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण बघणाऱ्या संघीय संस्थेच्या मार्गदर्शक नियमांत अशा आमिषाच्या जाहिरातीला फसवणूकच मानले आहे. त्याने पोळलेला ग्राहक तुमच्याकडेही संशयाने बघतो. तुमच्यासाठी उपाय सोपा आहे: फोनवर सांगितलेला दर लेखी पाठवा. जागेवर काही वेगळे निघाले तर काम थांबवून, फोटो दाखवून, नवा दर मान्य झाल्यावरच पुढे जा.

भीतीचा वापर करू नका. यूएस फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात निवासी इमारतींत दरवर्षी सुमारे २,९०० ड्रायरच्या आगी लागल्या. त्यांत वर्षाला अंदाजे ५ मृत्यू, १०० जखमी आणि साडेतीन कोटी डॉलरचे नुकसान झाले, आणि सर्वांत मोठे कारण, ३४ टक्के, सफाई न करणे हे होते. हे आकडे गंभीर आहेत आणि सांगावेत. पण समोरच्या घराला उद्या आग लागेल असे त्यातून सिद्ध होत नाही. त्याच घराचे मोजमाप दाखवणे जास्त प्रामाणिक आहे, आणि ग्राहकाला पटतेही तेच. विजेचे बिल अमुक टक्के कमी होईल असले वचनही देऊ नका. कपडे किती वेळात वाळतात ते आधी विचारून ठेवा आणि पंधरवड्याने फोन करून पुन्हा विचारा.

चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेचे ड्रायर एक्झॉस्ट तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र आहे. वरचे दर मागायचे असतील तर ते घ्या. परीक्षेचा खर्च वर्षाच्या यादीत घाला.

## हमीचे शब्द

‘आग लागणार नाही’ अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. जे मोजता येते त्याचीच हमी द्या. उदाहरणार्थ: आम्ही नोंदवलेल्या प्रवाहापेक्षा बारा महिन्यांत तो एक चतुर्थांशाहून अधिक घटला, तर एकदा विनामूल्य येऊन साफ करू. वापर घरगुती असावा, ड्रायर किंवा डक्टमध्ये इतर कुणी बदल केलेला नसावा, पक्षी किंवा बांधकामाची मोडतोड यात धरलेली नाही. एवढ्या चार ओळी पुरेत. विमा प्रतिनिधीला आणि वकिलाला त्या एकदा दाखवून घ्या, विशेषतः कवच उघडण्याचे काम विम्यात येते का हे विचारा.

## दरवर्षीचे ग्राहक

पुढच्या वर्षी तोच ग्राहक परत आला तर जाहिरातीचे २० डॉलर वाचतात, घर माहीत असल्याने वेळही कमी लागतो. यातले १५ त्याला परत द्या. ही सूट तुम्हाला परवडते, कारण तिच्यामागे खरी बचत आहे. मागच्या वर्षीचा आकडा यंदाच्या शेजारी लिहिलेला अहवाल मिळतो, म्हणून ग्राहक टिकतो. तो आकडा फक्त तुमच्याकडेच असतो.

आठवण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाठवा. यूएस फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या त्याच अहवालात ड्रायरच्या आगी शरद आणि हिवाळ्यात जास्त, आणि जानेवारीत सर्वाधिक नोंदल्या आहेत. थंडीआधी सफाई होणे ग्राहकाच्या हिताचे, आणि तुमच्या कामाची विभागणीही त्याने नीट होते. वार्षिक योजना घरात बसून विकत असाल तर फेडरल ट्रेड कमिशनचा कूलिंग-ऑफ नियम बघून घ्या. घरात झालेल्या २५ डॉलर किंवा अधिकच्या अनेक विक्रींना तो लागू होतो आणि ग्राहकाला तीन कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा हक्क देतो. आपोआप नूतनीकरण होणाऱ्या योजनांसाठी काही राज्यांचे वेगळे कायदेही आहेत.

## इमारतींची कामे

इथे फेरीचा खर्च वाटला जातो. २४ घरांची इमारत, प्रत्येक घराला ४० मिनिटे धरली तर १६ तास, म्हणजे ८३२. दोन दिवसांच्या फेऱ्यांचे ७८, काम मिळवण्याच्या खटपटीचे १००. एकूण १,०१०, ०.८ ने भागून सुमारे १,२६३, म्हणजे घरामागे ५३ डॉलर. एकट्या घराच्या १५९ शी याची तुलना करून व्यवस्थापक चकित होतो, म्हणून हिशेब उलगडून दाखवा.

प्रीमियम इथेही आहेच: प्रत्येक घराचे मोजमाप आणि नकाशावर धोक्याची घरे खुणावलेला एक तक्ता. घरामागे पाच मिनिटे वाढतात, दर ५८ होतो. इमारतीच्या व्यवस्थापकाला विमा कंपनीला दाखवायला कागद हवाच असतो, त्यामुळे ते पाच डॉलर तो क्वचितच नाकारतो. कुलूपबंद घरांसाठी दुसऱ्या फेरीचा दर करारात आधीच लिहा.

## दर कधी हलवायचे

तीन महिने प्रत्येक कामाची नोंद ठेवा: विचारणा, दिलेले तिन्ही दर, निवडलेले पॅकेज, लागलेला वेळ, परतफेरी झाली का. जवळजवळ सगळेच पहिले पॅकेज घेत असतील तर दर कमी करायची घाई करू नका. आधी अहवालाचा नमुना फोनवरच्या बोलण्यानंतर पाठवायला लागा आणि महिनाभर फरक बघा. दुसरे पॅकेज दोनऐवजी अडीच तास खात असेल, तर तुमच्या ५० नफ्यातले २६ गेले. मग जोडडक्ट बदलायला वेळ का लागतो ते शोधा किंवा दर २६९ करा. तीन आठवड्यांपुढची तारीख देण्याची वेळ आली तर तिन्ही दर वाढवण्याची ती खूण आहे. आधी तिसरे पॅकेज वाढवा, मग दुसरे, आणि जुन्या वार्षिक ग्राहकांना नवा दर लागू होण्याआधी एक महिना लेखी कळवा.